२४ विजय आणि एक वही: प्रीसीझन फुटबॉलवरच्या पैजांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट ऑगस्ट २०२३ मधली, न्यू जर्सीतली. ज्याची आहे तो माझा जवळचा मित्र. वयानं दहा वर्षांनी लहान, म्हणून मला दादा म्हणतो. इथं त्याला मंदार म्हणू. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे घरचे, नोकरीचे तपशील काढून टाकले आहेत. लिहायची परवानगी त्यानं स्वतः दिली, आणि त्या महिन्याची वहीसुद्धा माझ्या हातात ठेवली. पुढं जे आकडे येतात ते त्या वहीतले आहेत.

मंदारला अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं इथला फुटबॉल कळतच नव्हता. दर दहा सेकंदांनी खेळ थांबतो, मग माणसं घोळका करून उभी राहतात, हे काय चाललंय असं त्याला वाटायचं. पुढं ऑफिसातल्या लोकांबरोबर बघता बघता गोडी लागली आणि मग वेडच लागलं. न्यू जर्सीत राहणाऱ्याला दोन घरचे संघ आयते मिळतात. जेट्स आणि जायंट्स, नावात दोघंही न्यूयॉर्कचे, पण खेळतात ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर. मंदार जेट्सवाला झाला.

पैज इथं कायदेशीर आहे. १९९२ च्या केंद्रीय कायद्यानं बहुतेक राज्यांना खेळांवरच्या पैजांना परवानगी देता येत नव्हती. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. खटला न्यू जर्सीनंच लढवला होता, आणि महिन्याभरात, १४ जूनला, या राज्यात पैजा सुरू झाल्या. वयाची अट २१. महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायची अ‍ॅप चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घातली आहे. तेव्हा हे प्रकरण न्यू जर्सीचं म्हणूनच वाचावं, पैज कशी लावावी याची शिकवणी म्हणून नव्हे.

प्रीसीझनमध्ये अंदाज कशाचा बांधायचा

एनएफएल म्हणजे अमेरिकी फुटबॉलची मुख्य लीग. तिचा खरा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. त्याआधी ऑगस्टभर सराव सामने असतात, तेच प्रीसीझन. पूर्वी प्रत्येक संघ चार सामने खेळायचा. २०२० मध्ये कोविडमुळं सगळेच रद्द झाले आणि २०२१ पासून खरा हंगाम १७ सामन्यांचा झाल्यावर सराव सामने तीनवर आले. त्यात ओहायोतल्या कँटनला होणारा हॉल ऑफ फेमचा एक जादा सामना धरला की ३२ संघांचे मिळून ४९ सामने होतात.

आपल्याकडं परदेश दौऱ्यावर गेलेला क्रिकेटचा संघ पहिल्या कसोटीआधी सराव सामना खेळतो, तेव्हा कर्णधाराला जिंकण्याचं फार पडलेलं नसतं. कुणाचा खांदा बरा झालाय, तिसरा वेगवान गोलंदाज कोण, हे त्याला बघायचं असतं. इथंही तसंच, फक्त प्रमाण मोठं. ऑगस्टमध्ये प्रत्येक संघाकडं ९० खेळाडू असतात आणि महिनाअखेर ते ५३ वर आणावे लागतात. २०२३ मध्ये ही मुदत २९ ऑगस्टला दुपारी चारची होती. म्हणजे मैदानावर जे धावत असतात त्यातले कित्येकजण नोकरी टिकवायला धावत असतात, आणि मोठी नावं टोपी घालून कडेला उभी असतात.

आता पैजेकडं. हँडिकॅप म्हणजे वरचढ संघाच्या माथी काही गुणांचं ओझं ठेवायचं. वरचढ संघ तीन गुणांनी पुढं धरला असेल, तर त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला तो चार किंवा जास्त गुणांनी जिंकावा लागतो. नेहमीचा भाव ११० लावा, १०० मिळवा असा असतो. वरचे दहा पेढीचे, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपनीचे. त्या दहांमुळं निम्मे अंदाज बरोबर येऊन भागत नाही. नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले साडेबावन्नच्या आसपास डाव जिंकावे लागतात.

खऱ्या हंगामात ओझं किती हे ठरवायला पेढीकडं ढीगभर आकडे असतात. सराव सामन्यात ते आकडे फारसे कामाचे नसतात, कारण ज्या माणसांनी ते आकडे केले ती माणसं खेळतच नाहीत. म्हणून पेढ्या सराव सामन्यांवर मोठी रक्कम घेत नाहीत. प्रशिक्षकाच्या एका वाक्यानं त्यांचा भाव चुकीचा ठरू शकतो हे त्यांना ठाऊक असतं. मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) किती वेळ खेळणार, दुसरा आणि तिसरा कोण, आदल्या आठवड्यात दोन संघांनी एकत्र सराव केला का, एवढ्यावर निम्मं गणित फिरतं. एकत्र सराव झाला असेल तर मुख्य खेळाडूंची घासूनपुसून परीक्षा तिथंच झालेली असते, मग सामन्यात त्यांना बसवून ठेवतात. मंदारला हे सगळं अचूक कळलं होतं, हे मुद्दाम लिहितो. तो अडाणीपणानं बुडाला असं कुणी समजू नये.

मंदारची पद्धत

त्यानं ८०० डॉलर वेगळे काढले. एका सामन्यावर २२ डॉलर लावायचे, जिंकलं तर २० मिळतात. आठवड्याला जास्तीत जास्त चार डाव. आणि डाव लावायच्या आधी वहीत पाच रकाने भरायचे: क्वार्टरबॅकचा क्रम, प्रशिक्षक काय म्हणाला, एकत्र सराव झाला का, ते वाक्य आलं तेव्हाचा भाव आणि मी लावला तेव्हाचा भाव.

शेवटचे दोन रकाने त्यानं माझ्या सांगण्यावरून घातले. मी विम्याच्या आकडेमोडीत आयुष्य घालवलेला माणूस. त्याला म्हटलं, अरे, तुझा अंदाज बरोबर होता की चूक हे दहा डावांत कळणार नाही. नाणं उडवून वीस डाव लावले तरी चारांतल्या एका माणसाचे बारा किंवा जास्त बरोबर येतात. ते लवकर कळायचं असेल तर भाव बघ. सामना सुरू होतानाच्या भावापेक्षा तुला चांगला भाव मिळाला असेल, तर तुला बाजाराआधी काहीतरी कळलं होतं. नसेल मिळाला, तर जिंकलास तरी ते नशीब.

त्याला हे पटलं. पण तो सहावा रकाना, सामना सुरू होतानाचा भाव, त्यानं सामना संपल्यावर भरायचा ठरवला, आणि जिंकलेल्या रात्री तो भरायचा राहूनच जायचा. हे आम्हाला दोघांनाही महिनाभर दिसलं नाही.

पहिले दोन आठवडे

३ ऑगस्टला कँटनमध्ये जेट्स विरुद्ध ब्राउन्स. मंदारनं त्यावर काही लावलं नाही, फक्त टिपून घेतलं. ब्राउन्स २१-१६ जिंकले. जेट्सकडं त्या वर्षी एरन रॉजर्स हा नामांकित क्वार्टरबॅक आला होता, अर्थातच तो खेळला नाही.

१२ ऑगस्टला जेट्स विरुद्ध पँथर्स. हा मंदारचा सगळ्यात चांगला अभ्यास. पँथर्सचा नवा क्वार्टरबॅक ब्राइस यंग, त्या वर्षी लीगमध्ये आलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाचा, थोडाच वेळ खेळणार होता. दोन्ही संघांचा एकत्र सराव झाला होता आणि त्यात जेट्सचा बचाव भारी पडल्याच्या बातम्या होत्या. जेट्सकडं झॅक विल्सन होता. तो दोन हंगाम खरे सामने खेळलेला, म्हणजे सराव सामन्यातल्या दुसऱ्या फळीपुढं बराच अनुभवी. मंदारनं जेट्स घेतले. जेट्स २७-० जिंकले. त्या आठवड्यात चार डावांपैकी तीन जिंकले, ३८ डॉलर वर.

इथं पहिला निर्णयाचा क्षण होता, आणि तो सगळ्यांच्या नजरेतून सुटला, माझ्याही. पुढच्या शनिवारी, १९ ऑगस्टला, जेट्स विरुद्ध बकनीअर्स. वहीत त्या पानावर क्वार्टरबॅकच्या रकान्यात अर्धंच लिहिलंय आणि प्रशिक्षकाचा रकाना कोरा आहे. त्याऐवजी कडेला लिहिलंय, ‘२७-०’. मागच्या शनिवारचा निकाल पुढच्या शनिवारचं कारण झाला होता. खरं तर बकनीअर्सकडं बेकर मेफील्ड आणि काइल ट्रास्क यांच्यात मुख्य जागेसाठी चुरस होती. जागेसाठी झगडणारा माणूस सराव सामना सराव म्हणून खेळत नाही. मंदारला हे माहीत होतं, पण त्या दिवशी त्यानं ते विचारात घेतलं नाही. बकनीअर्स १३-६ जिंकले. त्या आठवड्यातल्या तीन डावांपैकी एक जिंकला, दोन गेले. खात्यात उरले ८१४ डॉलर.

म्हणजे सात डावांनंतर तो १४ डॉलरनं पुढं होता. हा आकडा लक्षात असू द्या.

२१ ऑगस्ट

बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ तेव्हा सलग २४ सराव सामने जिंकलेला होता. प्रशिक्षक जॉन हार्बो यांचा हा संघ शेवटचा हरला होता ३ सप्टेंबर २०१५ ला, अटलांटाकडून. याआधीचा विक्रम प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सचा, १९५९ ते १९६२ दरम्यानचा सलग १९ विजयांचा. रेव्हन्सनी तो २०२१ मध्येच मागं टाकला होता. पंचविसावा सामना सोमवारी, २१ ऑगस्टला, वॉशिंग्टन कमांडर्सच्या मैदानावर.

रविवारी रात्रीचं वहीचं पान माझ्यासमोर उघडं आहे. निळ्या शाईत, नीट अक्षरात:

‘वॉशिंग्टन: हॉवेलला शुक्रवारी मुख्य क्वार्टरबॅक जाहीर केलं. पूर्वार्ध खेळेल. मुख्य फळी त्याच्याबरोबर. रेव्हन्स: लमार नाही. हंटलीची मांडी दुखावलेली. जॉन्सन सुरू करेल. एकत्र सराव झाला आहे. वॉशिंग्टन किंवा काहीच नाही.’

लमार जॅक्सन हा रेव्हन्सचा मुख्य क्वार्टरबॅक, हंटली आणि जॉन्सन राखीव. या मजकुराखाली एक रेघ. रेघेखाली काळ्या शाईत, मोठ्या आकड्यात, दोनदा गिरवलेलं: २४.

सोमवारी संध्याकाळी त्यानं १५० डॉलर रेव्हन्सवर लावले. गुणांचं ओझं वगैरे नाही, सरळ विजयावर. ठरलेल्या रकमेच्या जवळजवळ सातपट.

मी नंतर त्याला विचारलं, निळ्या शाईचं काय झालं? तो म्हणाला, “दादा, एवढी वर्षं जो हरलाच नाही त्याच्या विरुद्ध लावायला हात धजेना. आणि काहीच लावलं नाही तर तो जिंकल्यावर हात चोळत बसलो असतो.”

त्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. नाणं उडवून सलग २४ वेळा छापा यायची शक्यता एक कोटी ६७ लाखांत एक. म्हणजे त्या मालिकेमागं नुसतं नशीब असणं शक्य नाही. हार्बो सराव सामनाही जिंकायला खेळायचे, त्यांच्याकडं दुसऱ्या-तिसऱ्या फळीतली मुलं दमदार असायची, धावणारे राखीव क्वार्टरबॅक असायचे. कारण होतंच. पण २०१६ मध्ये चौथ्या सत्रात धावलेली मुलं २०२३ मध्ये कुठं होती? सराव सामने जिंकून देणारी फळी दर दोन-तीन वर्षांनी सगळीच्या सगळी बदलते. आणि कारण खरं असलं तरी एवढी गाजलेली मालिका पेढीला ठाऊक नसेल का? ती भावात कधीच धरलेली होती. सगळ्या गावाला माहीत असलेल्या गोष्टीवर भाव मिळत नाही. त्या संध्याकाळी गावाला कमी माहीत असलेली गोष्ट निळ्या शाईत होती.

सॅम हॉवेल पूर्वार्ध खेळला. २५ पैकी १९ फेका पोचवल्या, १८८ यार्ड, दोन टचडाउन (चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं). तरीही रेव्हन्सच्या राखीव मुलांनी सोडलं नाही, शेवटाला ते २८-२६ पुढं होते. नऊ सेकंद उरले असताना वॉशिंग्टनच्या जोई स्लायनं ४९ यार्डांवरून किक मारली आणि ती खांबांमधून आत गेली, तीन गुण. २९-२८.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी जागा ही आहे. ती किक हातभर बाहेर गेली असती तर मंदार जिंकला असता. वहीतलं काळ्या शाईचं २४ त्याला २५ करता आलं असतं आणि निळी शाई मूर्खपणाची वाटली असती. चुकीचा निर्णय बरोबर निकाल देऊन गेला असता, आणि पुढच्या आठवड्यात १५० चे ३०० झाले असते. त्या रात्री हरला म्हणून तो निर्णय चूक नव्हता. रविवारी रात्री पान बाजूला ठेवून आकडा गिरवला तेव्हाच तो चुकला होता.

खात्यात ६६४.

मग दोन रात्री

गुरुवार, २४ ऑगस्ट. ११० डॉलर एका सामन्यावर. शुक्रवार, २५ ऑगस्ट. पुन्हा ११०. दोन्ही बुडाले. या दोन सामन्यांची वहीत पानंच नाहीत. कोणते संघ होते हे सांगायला त्याला फोन उघडावा लागला. खात्यात ४४४.

शुक्रवारी रात्री साडेअकराला त्यानं आणखी ५०० भरले. डिसेंबरात भारतात जायच्या तिकिटांसाठी नवरा-बायकोनं मिळून बाजूला ठेवलेल्या खात्यातून. तिला सांगितलं नाही. शनिवारी सकाळी बँकेचा मेसेज तिच्या फोनवर आला.

शनिवारची सकाळ: समोरचे पर्याय

गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला होते. शनिवारी सकाळी ढोल-ताशाचा सराव असायचा, एका शाळेच्या पार्किंगमध्ये. मंदार आला, पण ढोल उतरवलाच नाही गाडीतून. माझ्याकडं येऊन म्हणाला, “दादा, घरी चल ना, बोलायचंय.” आमच्या घरी आलो. हिनं पोहे टाकले. तो वही उघडून बसला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, पाचशेसकट.

त्या रात्री जेट्स विरुद्ध जायंट्स होता आणि रॉजर्स खेळणार हे जाहीर झालं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा तो सराव सामन्यात उतरणार होता. मंदारच्या मनात हेच घोळत होतं. त्याच्यापुढं तीन वाटा होत्या.

एक, जेट्सवर मोठी रक्कम. त्याचं म्हणणं, ही तर निळ्या शाईची गोष्ट आहे, पद्धतीतली आहे, मालिका-बिलिका नाही. मी त्याला चौथा आणि पाचवा रकाना भरायला लावला. बातमी आली तेव्हाचा भाव आणि आत्ताचा भाव. दोन्हींत चांगलंच अंतर पडलं होतं. रॉजर्स खेळणार ही बातमी न्यू जर्सीत कुणाला कळली नव्हती? बातमी खरी, पण ती विकत घ्यायची वेळ निघून गेली होती. रॉजर्स खेळणार म्हणजे किती, दोन-तीन चढाया (चेंडू संघाच्या ताब्यात असेपर्यंतचा एकेक हल्ला). उरलेला सामना कोण खेळणार याचं त्याच्याकडं काही उत्तर नव्हतं.

दोन, परत २२ डॉलरवर यायचं. कागदावर हे सगळ्यात शहाणपणाचं, आणि मलाही आधी हेच सुचलं. पण पोहे खाताना त्याच्याकडं बघत होतो. बशी तशीच होती, अंगठा फोनवर होता. २२ चा नियम ज्यानं केला तो माणूस आणि शुक्रवारी रात्री साडेअकराला पैसे भरणारा माणूस एकच होता, आणि त्या क्षणी नियम पाळायची ताकद दुसऱ्याकडं नव्हती. नियम रक्कम ठरवतो, झोप न झालेल्या माणसाला तो आवरू शकत नाही.

तीन, थांबायचं. न्यू जर्सीत पैजेचं खातं स्वतःहून किमान ७२ तास गोठवता येतं, पैसे भरण्यावर मर्यादा घालता येते, आणि राज्याच्या जुगार नियंत्रण विभागाकडं नाव नोंदवून वर्षासाठी किंवा पाच वर्षांसाठी स्वतःला बाहेर ठेवता येतं. १-८००-गॅम्बलर ही मदतवाहिनी आहे. मी तिचा उल्लेख केला तेव्हा तो चिडला. “मी काय व्यसनी वाटलो का तुला?” मी म्हटलं, नाही वाटलास, पण पाचशेची गोष्ट बायकोला न सांगणारा मंदारही मला कधी वाटला नव्हतास. तो गप्प बसला.

काय केलं, काय झालं

त्यानं आधी ९४४ च्या ९४४ डॉलर काढून घ्यायची विनंती टाकली, मग खातं ७२ तासांसाठी गोठवलं. घरी जाऊन बायकोला वही दाखवली. ती काय म्हणाली ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढं मात्र खरं की तिकिटांचे पाचशे पुढच्या आठवड्यात जागेवर आले आणि त्या खात्याचे मेसेज तेव्हापासून दोघांच्याही फोनवर येतात.

शनिवारी रात्री तो आमच्याकडंच सामना बघायला आला. रॉजर्स दोनच चढाया खेळला. दुसरीत त्यानं गॅरेट विल्सनला टचडाउनची फेक टाकली. जेट्स ३२-२४ जिंकले. मंदार काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं: लावले असते तर आले असते. मलाही वाटून गेलं, की आपण याला अडवून चूक तर नाही ना केली. मग मी स्वतःला तीच गोष्ट सांगितली जी स्लायच्या किकबद्दल लिहिली आहे. सोमवारचा निर्णय किकमुळं चूक ठरत नाही, तसा शनिवारचाही टचडाउनमुळं चूक ठरत नाही.

११ सप्टेंबरला खऱ्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात, चौथ्या चेंडूला, रॉजर्सच्या टाचेची शीर तुटली आणि त्याचं वर्ष संपलं. ऑगस्टमधल्या त्या फेकेवरून जेट्सच्या हंगामाचे मनोरे रचणाऱ्यांत आमचं सगळं पार्किंग होतं.

हिशोब असा. एकूण दहा डाव, चार जिंकले, सहा गेले, ३५६ डॉलरचा तोटा. पण पहिले सात डाव, प्रत्येकी २२ डॉलरचे, मिळून १४ डॉलर फायद्यात. शेवटच्या तीन डावांत ३७० गेले. तेच तीन डाव २२ चे असते तर सगळा महिना पन्नास डॉलरच्या आसपास तोट्यात गेला असता, म्हणजे चार माणसांनी मेटलाइफच्या बाहेर खाण्यापिण्यावर घालवावेत एवढेच.

वेगळं काय करता आलं असतं

सप्टेंबरात आम्ही दोघांनी बसून तो राहिलेला सहावा रकाना भरला. पहिल्या सात डावांपैकी फक्त तीनमध्ये त्याला शेवटच्या भावापेक्षा चांगला भाव मिळाला होता. बाकी चारांत, त्यातला एक जिंकलेलाही, तो उशिरा पोचला होता. कारण साधं. प्रशिक्षक दुपारी बोलतात, वार्ताहर ते तत्काळ टाकतात, आणि मंदारची दुपार कामाच्या बैठकांत जाते. साडेपाचला त्याला जी बातमी ताजी वाटायची ती बाजारात शिळी झालेली असायची. हा रकाना पहिल्याच आठवड्यात भरला असता तर ३८ डॉलरच्या फायद्यानं तो एवढा फुगला नसता. हे मी त्याच्या मागं लागून करून घ्यायला हवं होतं. रकाना सुचवणारा मी होतो आणि तो भरलाय का हे एकदाही न विचारणाराही मीच.

‘वॉशिंग्टन किंवा काहीच नाही’ असं ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं रेव्हन्स लावले. पद्धतीत ‘काहीच नाही’ला रकाना नव्हता. मंदारच्या मनात आठवड्याला चार डाव ही मर्यादा हळूहळू चार डावांचा रतीब झाली होती. ४९ सामन्यांपैकी ज्यांचं पान पूर्ण भरता येत नाही ते सोडायचे, एवढं जरी पहिल्या पानावर लिहिलं असतं तर बकनीअर्सचा सामनाही सुटला असता आणि गुरुवार-शुक्रवारचेही.

आणि पैसे भरायची मर्यादा. ती ३ ऑगस्टला, डोकं शांत असताना, दोन मिनिटांत घालता आली असती. ८०० म्हणजे ८००. मग शुक्रवारच्या रात्रीला तिकिटांच्या खात्यापर्यंत वाटच उरली नसती. घरात बोलायला हवं होतं हे मंदार स्वतः म्हणतो. त्यावर मी जास्त लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यानं वही पुन्हा काढली. पैसे नाहीत, फक्त रकाने. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत भरायचा. महिना संपल्यावर त्यानं मला शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. सव्वीस सामन्यांपुढं ‘पान अपुरं’. सतरांपुढं ‘उशीर’. सहांपुढं काहीच शेरा नव्हता, नुसती निळी शाई.